गदरच्या आधीची सात वर्षे : पॅसिफिक किनाऱ्यावरील शीख मजूर आणि त्यांचे राजकारण

मुळाकाठ (धागाकर्ता)

गदर चळवळीविषयी, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हिंदुस्थानी लोकांनी १९१३ मध्ये ब्रिटिश राज्य उलथण्यासाठी उभारलेल्या चळवळीविषयी, मराठीत जे वाचायला मिळते ते बहुधा लाला हरदयाळ सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचतात तेथून सुरू होते आणि लाहोरच्या तुरुंगात विष्णु गणेश पिंगळे फासावर जातात तेथे संपते. त्यामुळे वाचकाचा असा समज होतो की एका विद्वान क्रांतिकारकाने परदेशात जाऊन अडाणी मजुरांना जागे केले आणि मग ते मजूर त्याच्यामागे निघाले. माझे मत याच्या उलट आहे. हरदयाळ पोर्टलंडच्या मजुरांसमोर बोलायला उभे राहिले तेव्हा ते मजूर सहा-सात वर्षे सरकारशी अर्ज, शिष्टमंडळ, न्यायालय आणि वर्तमानपत्र या सर्व मार्गांनी झगडून झाले होते. त्यांच्यापाशी संस्था होत्या, निधी होता आणि सरकारचा पुरता अनुभवही होता. १९०७ ते १९१४ या काळाकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

हे लोक कोण होते, हे आधी पाहिले पाहिजे. १९०४ च्या सुमारास कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात येऊ लागलेले बहुसंख्य स्थलांतरित जालंधर आणि होशियारपूर या पंजाबच्या दोआबातील जिल्ह्यांचे, शिवाय अमृतसर, फिरोजपूर, लुधियाना या भागांतील शेतकरी कुटुंबांतले होते. त्यांतले पुष्कळजण ब्रिटिशांच्या सैन्यात किंवा हाँगकाँग, शांघायच्या पोलीस दलात नोकरी केलेले होते. थोडी जमीन, वाढते कर्ज, भावांमध्ये होणाऱ्या वाटण्या आणि शिपायाच्या नोकरीत पाहिलेले जग, या सगळ्यामुळे ते समुद्रापार गेले. १९०८ पर्यंत कॅनडात आलेल्यांची संख्या पाच हजारांच्या घरात पोहोचली होती. लाकूड कापण्याच्या गिरण्या, रेल्वेचे रूळ आणि जंगलतोड ही त्यांची कामे होती. दक्षिणेकडे वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्निया येथेही त्यांनी गिरण्या आणि शेते धरली.

आपण साम्राज्याचे प्रजाजन आहोत, आपण राणीसाठी आणि तिच्या मुलासाठी लढलो आहोत, तेव्हा साम्राज्यात कोठेही जाण्याचा आपल्याला हक्क आहे, असे हे माजी शिपाई मनापासून मानत होते. हा विश्वास खोटा नव्हता. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात समान वागणुकीचे आश्वासन होतेच, आणि पलटणीतल्या शिपायाला तेच ऐकवले जात असे. हा विश्वास कसा मोडला, याचा इतिहास म्हणजेच या चळवळीचा पूर्वार्ध होय.

१९०७ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हिंदी (म्हणजे हिंदुस्थानी) लोकांचा मताधिकार काढून घेतला. प्रांताच्या मतदार यादीत नाव नसले की केंद्राच्या निवडणुकीतही मत देता येत नसे, आणि वकिलीसारखे व्यवसायही त्याच यादीला जोडलेले होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला अमेरिकेच्या हद्दीत बेलिंगहॅम गावी गोऱ्या जमावाने शिखांच्या राहत्या घरांवर हल्ला करून त्यांना गावाबाहेर हुसकून लावले आणि तीनच दिवसांनी व्हँकूव्हरमध्ये चिनी व जपानी वस्तीवर दंगल झाली. १९०८ च्या जानेवारीत कॅनडाच्या सरकारने तो कुप्रसिद्ध अखंड प्रवासाचा नियम काढला. मायदेशातून निघून, तेथेच काढलेल्या सरळ तिकिटावर, मध्ये कोठेही न थांबता जो येईल त्यालाच प्रवेश मिळेल, असा तो नियम होता. त्याच सुमारास हिंदी प्रवाशाने उतरताना दोनशे डॉलर जवळ बाळगले पाहिजेत, अशीही अट घातली गेली. कलकत्त्याहून व्हँकूव्हरला सरळ तिकीट देणारी एकच कंपनी होती आणि सरकारच्या सांगण्यावरून तिनेही ते देणे बंद केले. नियमात हिंदुस्थानाचे नाव कोठेही नव्हते. लंडनला अडचण होऊ नये आणि हिंदुस्थानात असंतोष वाढू नये, एवढ्याचसाठी ही काळजी घेतली होती.

याच वर्षी या लोकांना ब्रिटिश होंडुरास या मध्य अमेरिकेतील वसाहतीत नेऊन वसवण्याची योजना पुढे आली. शिखांनी ती ताबडतोब झिडकारली नाही. त्यांनी नागर सिंग आणि शाम सिंग हे दोन प्रतिनिधी प्रत्यक्ष पाहणीसाठी पाठवले. त्यांनी परत येऊन तेथील मजुरी आणि परिस्थिती सांगितली, आणि गुरुद्वाऱ्यात जमलेल्या संगतीने योजना फेटाळली. ही घटना मला फार महत्त्वाची वाटते, कारण एका निरक्षर समजल्या गेलेल्या समाजाने सरकारचा प्रस्ताव तपासला, चर्चा केली आणि सामुदायिक निर्णय घेतला. प्राध्यापक तेजा सिंग यांनी याच काळात गुरु नानक मायनिंग अँड ट्रस्ट कंपनी उभारून मजुरांची बचत एकत्र आणली आणि हे लोक सरकारवर भार होणार नाहीत हे दाखवून दिले.

या सगळ्याचे केंद्र गुरुद्वारा होते. खालसा दिवाण सोसायटी १९०६ मध्ये स्थापन झाली आणि व्हँकूव्हरच्या सेकंड अॅव्हेन्यूवरील गुरुद्वारा १९०८ च्या जानेवारीत सुरू झाला. तेथे नव्याने उतरलेल्याला जेवण आणि निवारा मिळे. वकिलासाठी वर्गणी गोळा होई. पत्रे आणि वर्तमानपत्रे मोठ्याने वाचून दाखवली जात, म्हणजे लिहिता-वाचता न येणाराही चर्चेत भाग घेऊ शके. हिंदू आणि मुसलमान यांनाही तेथील सभांना मज्जाव नव्हता. ३ ऑक्टोबर १९०९ रोजी त्याच गुरुद्वाऱ्याच्या कार्यकारिणीने ठरवले की कोणाही सभासदाने ब्रिटिश सैन्यातील पदके किंवा गणवेश धारण करू नयेत, आणि काही माजी शिपायांनी आपली पदके व नोकरीची कागदपत्रे जाळून टाकली. गदर पत्राचा पहिला अंक निघायला तेव्हा चार वर्षे बाकी होती.

जुनी पाने

लेख आवडला आणि मुद्दा बराचसा पटला, तरी एक शंका मांडतो. आपण ज्या गोष्टी सांगितल्या त्या स्थलांतरितांच्या हक्कांच्या आहेत. प्रवेश मिळावा, बायकामुलांना आणता यावे, मत देता यावे, या मागण्या साम्राज्याच्या चौकटीतल्या होत. त्या मागण्यांपासून 'इंग्रजांना हाकलून लावा' इथपर्यंतचे अंतर मोठे आहे आणि ते अंतर कापायला विचार लागतो. तो विचार हरदयाळांनी, बंगाली क्रांतिकारक तारकनाथ दासांनी दिला, असे म्हणणे चुकीचे कसे ठरेल? तारकनाथ दासांनी १९०८ मध्येच व्हँकूव्हरहून 'फ्री हिंदुस्तान' काढले होते. गदरच्या प्रत्येक अंकात 'अंग्रेजी राज का कच्चा चिठ्ठा' या मथळ्याखाली क्रमांक घालून मुद्दे येत असत. दरसाल किती संपत्ती इंग्लंडला जाते, लष्करावर किती खर्च होतो आणि शिक्षणावर किती, दुष्काळात किती माणसे मेली, किती थोडे इंग्रज किती कोटी लोकांवर राज्य करतात, असे ते मुद्दे होते. ही मांडणी गिरणीत घडत नाही, ती वाचनातून येते. दादाभाई नौरोजींच्या पिढीने केलेला हिशेब त्यामागे उभा आहे. सावरकरांचा १८५७ वरील ग्रंथही गदर पत्रातून क्रमशः छापला गेला होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल.

मुळाकाठ (धागाकर्ता)

आपला प्रश्न योग्य आहे. विचारवंतांचे ऋण मी नाकारत नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. गुरां दित्त कुमार यांनी १९०९ मध्ये व्हँकूव्हरला 'स्वदेश सेवक' हे गुरुमुखीतले पत्र सुरू केले. त्याचे अंक हिंदुस्थानातल्या शीख पलटणींपर्यंत पोहोचत होते आणि म्हणूनच १९११ मध्ये सरकारने ते देशात आणण्यास बंदी केली. म्हणजे गिरणीतल्या मजुराच्या वर्गणीवर चालणारे, त्याच्या लिपीतले आणि शिपायाला उद्देशून लिहिलेले पत्र गदरच्या आधीच अस्तित्वात होते. हुसेन रहीम हे मूळचे पोरबंदरकडचे गुजराती व्यापारी, समाजवादी विचारांचे. त्यांना देशाबाहेर काढण्याचा सरकारचा प्रयत्न त्यांनी न्यायालयात हाणून पाडला आणि पुढे ते व्हँकूव्हरच्या शिखांचे बिनीचे सहकारी झाले.

मागण्या साम्राज्याच्या चौकटीतल्या होत्या हे खरे, पण त्या चौकटीची परीक्षा या लोकांनी एकेक पायरीने घेतली. भाग सिंग आणि बलवंत सिंग हे दोघे गुरुद्वाऱ्याचे पुढारी. त्यांनी बायकांना आणण्यासाठी हिंदुस्थानात जाऊन सरळ तिकीट मिळवण्याचा प्रयत्न केला आणि ते मिळाले नाही. १९१२ च्या जानेवारीत ते दुसऱ्या मार्गाने बायकामुलांसह आले, तेव्हा पुरुषांना उतरू दिले आणि बायकांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला. पुष्कळ झगड्यानंतर त्या स्त्रियांना राहू दिले, पण केवळ कृपा म्हणून, पुढच्या कोणाला त्याचा आधार घेता येणार नाही असे स्पष्ट करून. १९१३ मध्ये बलवंत सिंग, नंद सिंग सिहरा आणि नारायण सिंग यांचे शिष्टमंडळ लंडनला गेले, तेथून पंजाबात आले, सभा घेतल्या, लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर आणि व्हाइसरॉय हार्डिंग यांची भेट घेतली. त्यांच्या हाती काहीच लागले नाही. मागणी करण्याची एवढी दारे ठोठावून झाल्यावर जो माणूस सांगतो की देश पारतंत्र्यात आहे म्हणून आपल्याला येथे कुत्र्यासारखे वागवतात, त्याचे बोलणे ऐकणाऱ्याला नवे वाटत नाही; ते त्याच्या स्वतःच्या अनुभवाचे नाव असते. हरदयाळांचे मोठेपण मी येथे पाहतो. त्यांनी तयार मनाला दिशा आणि एक प्रभावी पत्र दिले.

आणि १९१३ च्या पूर्वार्धात ओरेगनमधील अॅस्टोरिया येथे जी हिंदी असोसिएशन उभी राहिली, तिचे अध्यक्ष सोहन सिंग भकना हे लाकूड गिरणीतले मजूर होते. हरदयाळ सरचिटणीस, कांशीराम खजिनदार. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील युगांतर आश्रमातून गदरचा उर्दू अंक निघाला आणि महिनाभरातच गुरुमुखी आवृत्ती सुरू झाली. पहिल्या अंकापासूनच पत्राने आपले काम काय, तर बंड, असे सांगून टाकले. शूर शिपाई पाहिजेत, पगार मृत्यू, बक्षीस हौतात्म्य, निवृत्तिवेतन स्वातंत्र्य आणि रणभूमी हिंदुस्थान, अशी त्यातली जाहिरात प्रसिद्धच आहे. ती भाषा पलटणीच्या भरतीची आहे. ज्याने एकदा खरोखर भरतीची जाहिरात वाचून अंगठा उठवला होता, त्याच्याशीच ती बोलते.

पश्चिम किनारा

मी कामानिमित्त ब्रिटिश कोलंबियात राहतो, म्हणून काही जागांविषयी लिहितो. अॅबट्सफर्ड येथे १९११ मध्ये उभारलेला गुरुद्वारा आजही आहे आणि कॅनडाच्या सरकारने त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला आहे. जवळच्या लाकूड गिरणीने दिलेले लाकूड तेथल्या शीख कामगारांनी पाठीवर वाहून टेकडीवर नेले आणि इमारत उभी केली, ही हकिगत तेथे गेल्यावर हमखास ऐकायला मिळते. समोरून पाहिले तर त्या काळच्या किनाऱ्यावरील दुकानांच्या घडणीची साधी लाकडी इमारत दिसते. दिवसाला दहा तास लाकूड उचलणाऱ्या माणसांनी उरलेल्या वेळात ती बांधली, हे आत गेल्यावर मनातून जात नाही.

येथे दरवर्षी ११ जानेवारीला मेवा सिंग यांचे स्मरण केले जाते. मूळ धाग्यात त्यांचा उल्लेख आला नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. विल्यम हॉपकिन्सन हा कलकत्ता पोलिसात काम केलेला, हिंदी भाषा जाणणारा अधिकारी कॅनडाच्या स्थलांतर खात्यात होता आणि त्याचबरोबर तो हिंदी लोकांच्या हालचालींची खबर ओटावा, लंडन आणि हिंदुस्थान सरकारला पुरवत होता. समाजातले काही लोक त्याने खबरे म्हणून हाताशी धरले होते. त्यांतल्या बेला सिंगने ५ सप्टेंबर १९१४ रोजी व्हँकूव्हरच्या गुरुद्वाऱ्यातच गोळ्या झाडल्या आणि सोसायटीचे अध्यक्ष भाग सिंग व बतन सिंग यांचा प्राण घेतला. बेला सिंगच्या खटल्यात त्याच्या बाजूने साक्ष देण्यासाठी हॉपकिन्सन २१ ऑक्टोबरला न्यायालयात आला असताना मेवा सिंगने त्याला गोळ्या घालून ठार केले. मेवा सिंगने पळण्याचा प्रयत्न केला नाही, सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि ११ जानेवारी १९१५ रोजी न्यू वेस्टमिन्स्टरच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. हत्येचे समर्थन करावे म्हणून मी हे लिहीत नाही. प्रार्थनास्थळाच्या आत खबऱ्यांमुळे किती अविश्वास पसरला होता, हे समजल्याशिवाय त्या काळातल्या माणसांचे वागणे समजत नाही, एवढेच सांगायचे आहे.

सह्यकडा

'कोमागाता मारू'विषयी कोणीतरी लिहावे. तो प्रसंग केवळ एका जहाजाची करुण कथा म्हणून सांगितला जातो.

मुळाकाठ (धागाकर्ता)

लिहितो, कारण माझा मूळ मुद्दा तेथे सर्वांत स्पष्ट दिसतो. १९१३ च्या ऑक्टोबरात 'पनामा मारू' जहाजाने आलेल्या हिंदी प्रवाशांना अडवले गेले, तेव्हा खालसा दिवाण सोसायटीने न्यायालयात धाव घेतली आणि मुख्य न्यायाधीश गॉर्डन हंटर यांनी सरकारचे हुकूम मूळ कायद्याशी विसंगत आहेत, असे ठरवून त्यांना सोडले. सरकारने लगेच हुकूम नव्याने लिहून ती फट बुजवली. मधल्या काळात मात्र पूर्वेकडच्या बंदरांत थांबलेल्या पंजाब्यांना वाटले की कायदा आपल्या बाजूने आहे. सिंगापूरकडे व्यवसाय केलेले बाबा गुरदित सिंग यांनी जहाज भाड्याने घेतले ते या पार्श्वभूमीवर.

४ एप्रिल १९१४ रोजी जहाज हाँगकाँगहून १६५ प्रवासी घेऊन निघाले. शांघाय, मोजी आणि योकोहामा येथे आणखी लोक चढले. एकूण ३७६ प्रवाशांमध्ये ३४० शीख, २४ मुसलमान आणि १२ हिंदू होते. २३ मे रोजी जहाज व्हँकूव्हरच्या बंदरात पोहोचले आणि दोन महिने तेथेच नांगरून राहिले. किनाऱ्यावर हुसेन रहीम, भाग सिंग आणि सोहनलाल यांची समिती काम करत होती. जहाजाच्या भाड्याचा राहिलेला हप्ता येथल्या मजुरांनी वर्गणी काढून भरला, जे. एडवर्ड बर्ड यांना वकील म्हणून नेमले आणि मुनशी सिंग या एका प्रवाशाच्या नावाने कसोटीचा खटला उभा केला. ६ जुलैला अपील न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. १९ जुलैच्या पहाटे 'सी लायन' या बोटीतून आलेल्या पोलिसांना प्रवाशांनी कोळसा आणि हाती लागेल ते फेकून परतवले. शेवटी 'रेनबो' ही युद्धनौका उभी करून २३ जुलैला जहाजाला जायला भाग पाडले. फक्त २४ जणांना उतरू दिले होते, त्यांत बहुतेक पूर्वीचे रहिवासी.

न्यायालय, निधी, वकील आणि समिती हे सर्व असतानाही युद्धनौका आली, ही गोष्ट किनाऱ्यावर उभ्या असलेल्या हजारो माणसांनी डोळ्यांनी पाहिली. परतीच्या वाटेवर महायुद्ध सुरू झाले. सप्टेंबरच्या अखेरीस जहाज कलकत्त्याजवळ बजबज येथे लागले. प्रवाशांना आगगाडीत घालून थेट पंजाबात पाठवायचे सरकारने ठरवले होते. ते मान्य न करता लोक गुरु ग्रंथ साहिब घेऊन कलकत्त्याकडे चालू लागले. त्यांना माघारी आणले गेले आणि २९ सप्टेंबरच्या गोळीबारात वीसेक प्रवासी मरण पावले. गुरदित सिंग निसटले आणि १९२१ मध्ये ननकाना साहिब येथे स्वतःहून स्वाधीन झाले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या प्रकरणी अधिकृत माफी मागितली ती १८ मे २०१६ रोजी.

तळेगावकर

पिंगळ्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. विष्णु गणेश पिंगळे मूळचे पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथले. शिक्षणासाठी ते अमेरिकेत गेले आणि तेथे गदरच्या लोकांत मिसळले. १९१४ च्या नोव्हेंबरात गदरचे तरुण कार्यकर्ते कर्तार सिंग सराभा यांच्याबरोबर 'सलामिस' जहाजाने परतले, बनारसला रासबिहारी बोस यांना भेटले आणि पंजाबातले शीख व बंगालमधले क्रांतिकारक यांना जोडणारा दुवा झाले. गदरने छावण्यांतल्या सैनिकांना घेऊन करायचे ठरवलेला १९ फेब्रुवारी १९१५ चा उठाव फसल्यावर पुष्कळजण भूमिगत झाले, पण पिंगळे मार्चमध्ये मीरतच्या छावणीत गेले आणि १२ व्या घोडदळाच्या निवासात बाँबच्या पेटीसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला ज्या सातजणांना फाशी झाली त्यांत सहा शीख आणि एक पिंगळे होते. सराभांचे वय तेव्हा अवघे एकोणीस होते.

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनीही हरदयाळांच्या आधी पोर्टलंडला कांशीराम यांच्याबरोबर मजुरांमध्ये संघटना बांधली होती. पुढे युद्धकाळात ते इराणच्या बाजूने लढले आणि नंतर मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. या दोघांचा आपल्याला अभिमान असणे स्वाभाविक आहे, पण धागाकर्त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पिंगळे आणि खानखोजे ज्यांच्यात गेले ते लोक आधीच पेटलेले होते. आमच्या भागातल्या शाळांत पिंगळ्यांचे नाव घेतले जाते, पण त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या जगत सिंग, हरनाम सिंग सियालकोटी, बख्शीश सिंग आणि दोन्ही सुरैण सिंग यांची नावे मुलांना सांगितली जात नाहीत, याचे वाईट वाटते.

जुनी पाने

एक कठोर प्रश्न विचारतो. ही माणसे एवढ्या तयारीची होती, तर उठाव इतक्या सहज का मोडला? युद्ध सुरू होताच गदरने पुकारा केला आणि पुढच्या काळात हजारो पंजाबी परतले. सोहन सिंग भकनांना कलकत्त्यात उतरताच अटक झाली. ऑक्टोबर १९१४ मध्ये 'तोसा मारू'तून आलेल्या १७३ जणांपैकी बहुतेकांना पकडले. कृपाल सिंग या खबऱ्याने उठावाची २१ फेब्रुवारी ही तारीख फोडली, ती बदलून १९ केली तर तीही फोडली. त्याच वेळी पंजाबातील खेड्याखेड्यांतून तरुण ब्रिटिशांच्या सैन्यात भरती होत होते. अमृतसरच्या दरबार साहिबाचे (सुवर्णमंदिराचे) सरकारने नेमलेले सरबराह, म्हणजे व्यवस्थापक, अरूड सिंग यांनी गदरवाले शीख नाहीत असे जाहीर केले. परदेशातल्या अनुभवावर उभे राहिलेले राजकारण घरच्या मातीत रुजले नाही, असाच याचा अर्थ नाही का?

मुळाकाठ (धागाकर्ता)

बऱ्याच अंशी होय. बेलिंगहॅमची रात्र किंवा व्हँकूव्हरच्या बंदरातली युद्धनौका जालंधरच्या शेतकऱ्याने पाहिली नव्हती. त्याच्या दृष्टीने सैन्यातली नोकरी म्हणजे घरात नियमित येणारा पैसा आणि कालव्याकाठच्या जमिनीची आशा होती. परदेशात आपण ज्या समान वागणुकीसाठी झगडलो ती येथे कोणी मागतच नाही, हे परतलेल्यांना धक्कादायक वाटले असणार. शिवाय गदरच्या लोकांनी कामाची पद्धतही उघड ठेवली होती. पत्रातून बंडाची घोषणा करायची, मग उघडपणे जहाजात बसायचे, बंदरांत व्याख्याने द्यायची, आणि सरकारने ५ सप्टेंबर १९१४ च्या वटहुकमाने प्रत्येक उतरणाऱ्याला अडवण्याचा अधिकार घेतलेला असताना त्याच बंदरात उतरायचे, हा धीटपणा होता पण गुप्त संघटनेची शिस्त नव्हती.

तरी सैन्यात काहीच हालचाल झाली नाही, असे म्हणता येणार नाही. लाहोरजवळच्या मियाँमीर छावणीतील २३ व्या घोडदळाचे सैनिक कटात सामील होते आणि त्यांतल्या बाराजणांना फाशी झाली. सरकारने मार्च १९१५ मध्ये हिंदुस्थान संरक्षण कायदा करून विशेष न्यायाधिकरणे नेमली, ज्यांच्या निकालावर अपील नव्हते. लाहोरच्या पहिल्या खटल्यात २४ जणांना फाशीची शिक्षा झाली, त्यांतल्या १७ जणांची शिक्षा व्हाइसरॉयने जन्मठेपेत बदलली. एखाद्या सरकारला उठाव फुसका वाटला असता तर त्याने इतकी घाई केली नसती. बलवंत सिंग शिष्टमंडळ घेऊन ज्या ओडवायर यांना भेटले होते, त्यांच्याच राजवटीत तेही १९१७ मध्ये फासावर गेले.

धर्माविषयी एक गोष्ट जोडतो. गदरच्या स्थापनेतच धर्म ही प्रत्येकाची खाजगी बाब असून संघटनेत धार्मिक वाद होणार नाहीत, असे ठरले होते. मौलवी बरकतुल्ला, भगवान सिंग ग्यानी, रामचंद्र अशी सर्व धर्मांची माणसे त्यात होती. असे असताना मी 'शीख' हा शब्द का वापरला, असे कोणी विचारील. सभासदांत शीख मोठ्या बहुसंख्येने होते, पैसा गुरुद्वाऱ्यांतून येत होता, आणि 'गदर दी गूंज' या कवितासंग्रहातली बोली त्यांची होती. संघटनेने धर्म बाजूला ठेवला तो या लोकांनी स्वतःच ठरवून.

नदीकाठी

स्त्रियांविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, कारण किनाऱ्यावर त्या होत्याच थोड्या, आणि ते थोडेपण सरकारने मुद्दाम घडवलेले होते. गुलाब कौर या मनिलात पतीसह राहत होत्या आणि तेथून अमेरिकेला जायचे त्यांनी ठरवले होते. गदरच्या सभा ऐकून त्या हिंदुस्थानात परतण्यास निघाल्या. पती आला नाही, त्या आल्या. पंजाबात त्यांनी गुप्त कागदपत्रे आणि शस्त्रे पोहोचवण्याचे काम केले आणि पुढे लाहोरच्या तुरुंगात शिक्षा भोगली. कोणत्याही धाग्यात त्यांचे नाव एका ओळीतही येत नाही, म्हणून येथे लिहून ठेवत आहे.

सह्यकडा

कॅलिफोर्नियाकडची एक बाजू राहिली. ज्वाला सिंग हे तेथील मोठे बटाटा उत्पादक. त्यांनी आणि वसाखा सिंग यांनी स्टॉक्टनला १९१२ मध्ये गुरुद्वारा उभारण्यात पुढाकार घेतला आणि बर्कले विद्यापीठात शिकायला येणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. या शिष्यवृत्त्या सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी होत्या. शेतकऱ्याच्या कष्टाचा पैसा विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला आणि त्यांच्यापैकी काहींच्या मार्गाने चळवळीला मिळाला. या विद्यार्थ्यांच्या हातांनीच पुढे गदरचे छापखान्याचे काम चालले. सराभाही आधी बर्कलेला शिकायला आले होते आणि गुरुमुखी आवृत्तीच्या छपाईत गुंतले.

अमेरिकेतला शेवटही लक्षात ठेवावा. जर्मनीच्या मदतीने शस्त्रे पाठवण्याच्या प्रकरणात १९१७ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत खटला सुरू झाला आणि १९१८ च्या एप्रिलमध्ये तो संपत असताना भर न्यायालयात रामचंद्र यांना राम सिंगने गोळी घातली, आणि राम सिंगही तेथेच मारला गेला. हरदयाळ १९१४ मध्येच अटकेनंतर जामिनावर सुटून युरोपात निघून गेले होते. म्हणजे पत्र आणि पक्ष यांचा नेता गेल्यावरही ही संघटना चार वर्षे उभी राहिली, हे धागाकर्त्यांच्या मुद्द्याला पुष्टी देते.

मुळाकाठ (धागाकर्ता)

सह्यकडा यांच्या शेवटच्या वाक्याशी जोडून पुढचा प्रवास सांगतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगत सिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस नागरिकत्वाच्या कायद्याखाली 'गोरा' ठरत नाही, असा निकाल दिला. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तेथले नागरिकत्व १९४६ च्या कायद्याने खुले झाले आणि ब्रिटिश कोलंबियात मताधिकार १९४७ मध्ये परत मिळाला. मूळ तक्रार सुटायला चाळीस वर्षे लागली.

पंजाबात मात्र गदरची माणसे थांबली नाहीत. कॅनडाहून परतलेले करम सिंग दौलतपुर शिखांच्या सशस्त्र बब्बर अकाली चळवळीत उतरले. संतोख सिंग यांनी १९२६ मध्ये अमृतसरहून 'किरती' हे मासिक सुरू केले आणि त्यातून कामगार व शेतकऱ्यांचे नवे राजकारण उभे राहिले. उधम सिंग १९२७ मध्ये अमृतसरला पकडले गेले तेव्हा त्यांच्यापाशी गदरचे साहित्य सापडले होते. भगत सिंग सराभांचा फोटो जवळ बाळगत. सोहन सिंग भकना अंदमानासह अनेक तुरुंगांत राहून १९३० मध्ये सुटले, किसान सभेच्या कामाला लागले आणि दुसऱ्या महायुद्धात पुन्हा राजपुतान्यातल्या देवळीच्या छावणीत स्थानबद्ध झाले. १९६८ मध्ये वयाच्या नव्वदीपलीकडे ते वारले. अंदमानातून सुटलेल्या आणि पंजाबच्या खेड्यांत पुन्हा शेती धरलेल्या इतर गदरवाल्यांविषयी, त्यांच्या जप्त झालेल्या जमिनींविषयी आणि गावांनी त्यांना कसे वागवले याविषयी कोणाकडे पंजाबी वा हिंदी लेखनातून आलेली माहिती असेल, तर ती याच धाग्यावर द्यावी.